कालचा दिवस विचारा: घरात नशा असलेल्या मुलांना ओळखताना आणि त्यांच्याशी बोलताना

बालसंरक्षणाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात आपण तपास अधिकारी असल्यासारखं वाटू लागतं. हातात फाईल असते. फाईलमध्ये शेजाऱ्यांची तक्रार असते, 'त्या घरात रात्रंदिवस गांजा चालतो, पोरगं उपाशी हिंडतं'. समोर आठ वर्षांचं मूल बसलेलं असतं आणि तोंडातून पहिला प्रश्न निसटतो, "पप्पा घरी काय ओढतात रे?" मूल मान खाली घालतं आणि म्हणतं, "काही नाही." संभाषण तिथेच संपतं. त्यानंतर ते मूल जे काही बोलेल ते तुम्हाला कटवण्यासाठी नाहीतर खूश करण्यासाठी असेल.

हा लेख चाईल्ड हेल्पलाईन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांमध्ये नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना यातला ओळखण्याचा भाग पुरेसा आहे, मुलाखतीच्या भागात त्यांनी उतरू नये हे उत्तम. सगळ्या लेखात मी एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी सांगणार आहे: नशेबद्दल विचारू नका, कालच्या दिवसाबद्दल विचारा.

आधी डोक्यातलं चित्र दुरुस्त करा

'घरात नशा' म्हटलं की डोळ्यांसमोर गर्द (ब्राऊन शुगर), एमडी (मेफेड्रोन), चिलीम येते. प्रत्यक्षात तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत मुख्य पदार्थ दारू असेल. कायद्याच्या पुस्तकात दारू आणि अमली पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत: एकासाठी १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, दुसऱ्यासाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा. रात्री जेवण मिळालं की नाही, दाराला आतून कडी कोणी घातली, आई कुठल्या कोपऱ्यात होती, या प्रश्नांना या कप्प्यांशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे 'नुसती दारूच आहे' म्हणून फाईल बाजूला सारू नका.

घरंही एकसारखी नसतात. काही घरांत आईबाप स्वतः नशा करतात आणि मुलाकडे बघायला कोणी शुद्धीवर नसतं. काही घरांत आईबाप व्यसनी नसतात, पण पुड्या तिथून विकल्या जातात. अनोळखी माणसं वेळी-अवेळी येतात, पैशांवरून हाणामारी होते, कधीतरी पोलीस येतात. काही घरांत हातभट्टी लागते, काही शेतांत तुरीच्या आड गांजा लावलेला असतो, काही खोल्यांत रसायनांची पिंपं असतात. आणि काही घरांत मूल नुसतं बघत नाही, कामाला असतं: पुडी पोहोचवणं, कोण येतंय त्यावर नजर ठेवणं, बाटल्या आणून देणं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ खाली मुलाला असं वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली तेवढीच शिक्षा आहे. हे तुम्हाला माहीत असावं. मुलासमोर उच्चारायची मात्र गरज नाही.

यात भलतंच जुनं एक प्रकरण आहे, तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी काहीतरी देण्याचं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफूची 'बाळागोळी' देऊन जात. आज अफूच्या जागी कधी खोकल्याचं औषध असतं, कधी मोठ्यांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा, कधी बोटाला लावलेली दारू. देणारी आई अनेकदा व्यसनी नसते, तिला पाळीवर जायचं असतं आणि बाळाजवळ बसायला कोणी नसतं. धोका बाळाला तेवढाच आहे, पण त्या आईशी बोलण्याची रीत वेगळी हवी.

काय दिसतं, आणि त्यावरून काय ठरवायचं नाही

एका लक्षणावरून काही ठरत नाही हे मनाशी पक्कं करून मगच पुढचं वाचा. वर्गात झोपणारं मूल रात्री उसाच्या फडात आईबापाबरोबर जागं असेल. मळके कपडे पाण्याच्या टंचाईमुळे असतील. गरिबीची आणि नशेची लक्षणं बाहेरून फार सारखी दिसतात, आणि नवा कार्यकर्ता इथेच सगळ्यात जास्त चुकतो. आपल्याला शोधायचा असतो लक्षणांचा गुच्छ, आणि त्यात झालेला बदल.

तान्ह्या बाळात: अवेळी गाढ झोप, उठवून न उठणं, दूध न ओढणं, वजन न वाढणं. अंगणवाडी सेविकेच्या वजनाच्या नोंदी इथे सोन्यासारख्या असतात, आधी त्या बघा. रांगत्या आणि नुकत्या चालू लागलेल्या मुलात: भाजल्याच्या खुणा, वारंवार पडणं, हाताला येईल ते तोंडात घालून दवाखान्यात न्यावं लागल्याचा इतिहास. खेळातही कळतं. कागद गुंडाळून नाकाशी नेणं, चमचा किंवा चांदीचा कागद काडेपेटीवर धरण्याचं नाटक, बाहुलीला 'पाजून' आडवं करणं. पण खेळ बघून निष्कर्ष लिहू नका, जे दिसलं तेवढंच लिहा.

शाळेतल्या मुलाच्या बाबतीत मी हजेरीपटापासून सुरुवात करते. गैरहजेरी कोणत्या वारी पडते? हप्त्याने पगार होणाऱ्या वस्तीत शनिवारच्या पगारानंतरचा सोमवार बघा, गावात आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी बघा. दुसरी खूण म्हणजे मोठेपण. नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला घेऊन शाळेत येते, त्याचा डबा तीच भरते, पालकसभेला आई का आली नाही याचं तयार उत्तर तिच्याकडे असतं आणि मधल्या सुट्टीत घरी 'बघून येते'. ती हुशार, समजूतदार म्हणून शाळेत कौतुकाची असते. या मुलीकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती त्रास देत नाही. माझ्या मते वर्गातल्या दंगेखोर मुलापेक्षा हिची चौकशी आधी व्हायला हवी.

किशोरवयात मूल स्वतः त्यात ओढलं गेलंय का, हाही प्रश्न येतो. 'एम्स'ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याच्या पदार्थांचा, म्हणजे सोल्युशन, थिनर, व्हाईटनर यांचा वापर मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये १.१७ टक्के निघाला. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला हा एकच प्रकार. तेव्हा रुमालाला येणारा वास, ओठांभोवतीची पुरळ, बोटांवरचे पांढरे डाग याकडे लक्ष असू द्या.

गृहभेटीत स्वयंपाकाची जागा आणि झोपण्याची जागा बघा, बाकी घर दुय्यम. चूल किंवा शेगडी आज पेटली होती का? मूल कुठे झोपतं, आणि त्या जागेच्या किती जवळ माणसं बसतात-उठतात? गोळ्या, बाटल्या, सुया मुलाच्या हाताच्या उंचीवर आहेत का? कपाटं उघडू नका, गादी उचलू नका, झडती घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. काही सापडलंच डोळ्यांना, तर हात लावू नका, फोटो काढू नका, भेट आटोपती घ्या आणि बाहेर येऊन कळवा. अशा घरी एकट्याने जायचं नाही. तुम्ही कुठे गेला आहात हे कार्यालयात कोणाला तरी माहीत असायला हवं.

बोलणं थांबवून आधी दवाखाना

काही गोष्टी दिसल्या की मुलाखत, फाईल, समिती सगळं नंतर. मूल हलवून जागं होत नाही, श्वास अगदी संथ किंवा अडखळत चाललाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, ओठ निळसर झालेत, झटके येताहेत, किंवा उलट, अंग तापलंय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, छाती धडधडतेय आणि मूल एका जागी राहत नाही. १०८ ला फोन करा. मूल बेशुद्ध पण श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ताक-लिंबू पाजू नका. पोटात काय गेलं असेल त्याचं पाकीट, स्ट्रिप किंवा बाटली सापडली तर डॉक्टरांसाठी बरोबर न्या. लहान मुलाने दारू प्यायली असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, म्हणून 'झोपलंय, उतरेल' असं म्हणत घरी बसू देऊ नका.

रसायनं असलेल्या घरातून मूल बाहेर काढलं असेल तर अंगावरचे कपडे बदलून, हातपाय-तोंड धुऊन, मग तपासणीला न्या. याबाबतीत अमेरिकेचा अनुभव कामाचा आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत मेथ (मेथॅम्फेटामाइन) हा नशेचा पदार्थ बनवणाऱ्या घरगुती कारखान्यांवर छापे पडायचे, तेव्हा पोलीस माल जप्त करायचे, मोठ्यांना अटक करायचे आणि मूल शेजाऱ्याकडे सोपवून निघून जायचे. मग तिथे छाप्याच्या वेळीच बालसंरक्षण कर्मचारी बरोबर न्यायची आणि मुलाची वैद्यकीय तपासणी करायची पद्धत बसवली गेली. आपल्याकडे छाप्याच्या पंचनाम्यात ग्रॅमचा हिशेब असतो, पण घरातल्या मुलाचा उल्लेख असेलच असं नाही. तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे हे शोधून ओळख करून ठेवा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी असायलाच हवा, कायदा तसं सांगतो. छाप्याच्या वेळी घरात मूल असेल तर चाईल्ड हेल्पलाईनला, म्हणजे १०९८ ला, फोन करा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंत तरी पुष्कळ.

बसण्याआधीची तयारी

जागा: पोलीस ठाणं नको, मुख्याध्यापकांची केबिन नको, आणि ज्या घराबद्दल बोलायचंय ते घर तर मुळीच नको. अंगणवाडीची रिकामी खोली, शाळेचं वाचनालय, संस्थेचं कार्यालय चालेल. दार लोटलेलं, पण बाहेरून कोणीतरी बघू शकेल असं. मुलाला दाराच्या बाजूला बसवा, तुम्ही आत बसा. उठून जाता येईल असं वाटलं की मूल सहसा उठून जात नाही.

वेळ: मूल जेवलेलं हवं. उपाशी मुलाची मुलाखत घेऊ नये, आणि बिस्किटाचा पुडा दाखवून तर नाहीच. खाणं आधी द्यायचं, बोललं तरी आणि नाही बोललं तरी. शू-शीचं विचारून घ्या. फोन बंद.

भावंडं: एकेकाशी वेगळं बोला. मोठ्या बहिणीसमोर धाकटा तेच बोलतो जे ती डोळ्यांनी सांगते. आणि मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका. धडगावात पावरी बोलणारं, मेळघाटात कोरकू बोलणारं, मालेगावात उर्दू बोलणारं मूल समोर असेल तर त्या भाषेचा बाहेरचा माणूस आणा. शाळेत मराठी शिकलेलं मूल घरातलं दुःख मराठीत सांगेलच असं नाही.

कोण विचारणार: एकच माणूस. दुसरा लिहील, पण गप्प राहून. आणि तक्रारीत काय आहे ते माहीत असावं, पण डोक्यात एकच उत्तर घेऊन बसू नये. दोन-तीन शक्यता कागदावर लिहून बसा: व्यसन असेल, आजारपण असेल, नुसती अतोनात गरिबी असेल, शेजाऱ्यांचं भांडण असेल.

बोलणं

पुढे सांगते त्या पद्धतीचा मूळ आराखडा अमेरिकेच्या बालआरोग्य संस्थेत मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या मुलाखत-पद्धतीतून आलेला आहे. तो का लागला हे जाणून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं लैंगिक शोषणाचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं आणि १९९० पर्यंत चाललं. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, पण त्या इतक्या सुचवून-सुचवून, बाहुल्या नाचवून, 'बाकीच्यांनी सांगितलंय, तूही हुशार आहेस ना' असं म्हणत घेतल्या गेल्या की मुलांनी न घडलेल्या चमत्कारिक गोष्टीही सांगितल्या. शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही. मुलं काही खोटारडी नव्हती. मोठ्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी दिलं.

पहिली पाच मिनिटं नियमांची. आधी स्वतःची ओळख: "मी अमुक ताई. मुलांशी बोलणं हे माझं काम आहे." मग साध्या भाषेत चार गोष्टी. मी तिथे नव्हते, त्यामुळे मला काही माहीत नाही. आठवत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. मी चुकीचं बोलले तर मला सांग. खरंखुरं घडलेलंच बोलायचं. नुसतं सांगून भागत नाही, करून बघा: "माझ्या मांजराचं नाव काय?" मूल बहुधा अंदाज करून 'मनी' म्हणेल. "तुला माहीत आहे का? तू तर बघितलंच नाहीस तिला. मग काय म्हणायचं?" "माहीत नाही." "शाब्बास." शाळेने ज्याला वर्षानुवर्षं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवलंय, त्याला 'माहीत नाही' म्हणायची परवानगी द्यायला दोन मिनिटं खर्च करा.

गुपिताचं वचन देऊ नका. "कोणाला सांगणार नाही" हे वाक्य तोंडातून काढलंत तर तुम्ही खोटं बोलताय, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी: "तू जे सांगशील ते मी सगळ्यांना सांगत सुटणार नाही. पण तुला कोणापासून त्रास होत असेल तर तो थांबवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि तुला तसं कळवेन."

मग सराव. "काल शाळा सुटली तिथपासून रात्री झोप लागेपर्यंत काय काय झालं? सगळं सांग, साधंसुधंही सांग." सरावाच्या नावाखाली विचारलेला हा प्रश्न या कामात मुख्य प्रश्न ठरतो. मारहाणीच्या किंवा लैंगिक शोषणाच्या प्रकरणात एखादी घटना शोधायची असते. नशेच्या घरात घटना नसते, दिवस असतो. दार कोणी उघडलं, जेवण कोणी केलं, कोण आलं, कोण ओरडलं, मूल कुठे झोपलं, सकाळी कोणी उठवलं. मुलाला हे सांगताना आईबापाची चहाडी केल्यासारखं वाटत नाही, कारण तुम्ही आईबापाबद्दल विचारलेलंच नसतं.

बोलणं कसं पुढे सरकतं याचा एक नमुना देते. मूल नऊ वर्षांचं, नमुन्यासाठी रचलेलं.

"काल शाळा सुटली. तिथपासून सांग."

"घरी गेलो. दार बंद होतं. मग बाहेर बसलो."

"दार बंद होतं, तू बाहेर बसलास. मग?"

"मग ते काका बाहेर आले. मग मी आत गेलो."

"त्या काकांबद्दल सांग बरं."

"ते येतात. औषध न्यायला."

"औषध?"

"पप्पा देतात त्यांना. छोट्या पिशवीत असतं. मम्मी म्हणते हात नाही लावायचा."

"हं. तू आत गेलास, पुढे काय झालं?"

इथे ताईने 'पावडर' हा शब्द वापरला नाही, 'ड्रग्ज' म्हटलं नाही. मूल औषध म्हणतंय तर शेवटपर्यंत औषधच. तिने मुलाचे शब्द उचलून परत दिले, 'मग', 'पुढे', 'त्याबद्दल सांग' एवढीच भर घातली. आणि औषधावर झडप घालून पिच्छा पुरवला नाही, दिवस पुढे नेला. औषधाकडे नंतर परत येता येतं: "मघाशी तू औषधाचं म्हणालास. पहिल्यापासून सांग, ते काका आले की काय काय होतं?"

इथे घात करणारे प्रश्न असे: "पप्पा विकतात ना?" "किती वेळा?" "मम्मी का सांगत नाही त्यांना?" पहिल्यात उत्तर दडलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर आठ-नऊ वर्षांचं मूल देऊ शकत नाही, ते 'शंभर वेळा' म्हणेल आणि तो आकडा तुमच्या अहवालात जाऊन सगळ्या जबाबाची किंमत घालवेल. त्याऐवजी "एकदाच झालं की जास्त वेळा?" आणि मग "शेवटचं झालं तेव्हाचं सांग." तारखा विचारू नका. दिवाळीच्या आधी की नंतर, परीक्षा चालू होती का, पाऊस होता का, असं विचारा. आणि 'का' हा शब्द शक्यतो टाळाच. आपल्या घरांत 'का' म्हणजे ओरडा. 'का केलंस?' ऐकत वाढलेलं मूल तुमच्या 'का'लाही तसंच घाबरतं.

काही गोष्टी तुम्हाला कळायलाच हव्यात आणि मूल स्वतःहून बोललं नाही. मग शेवटी, थेट पण मोकळ्या शब्दांत विचारा. घरात भीती वाटली तर तू काय करतोस? कोणाकडे जातोस? मोठी माणसं झोपून उठतच नाहीत असं कधी होतं का, तेव्हा काय करतोस? तुला कधी काही प्यायला, खायला, हुंगायला दिलं का? कुठे काही पोहोचवायला सांगतात का? 'हो' आलं की लगेच "त्याबद्दल सांग" म्हणून पुन्हा मोकळ्या रस्त्यावर या. 'नाही' आलं तर 'नाही' लिहा. एकच प्रश्न तीनदा विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं.

आणि 'आमच्याकडे सगळं ठीक आहे' हेच उत्तर ठामपणे येत राहिलं तर? थांबा. घर सांभाळण्याची ही त्याची रीत आहे, तिला खोटारडेपणा म्हणू नका. "बरं. नंतर कधी काही सांगावंसं वाटलं तर मी मंगळवारी शाळेत असते," असं म्हणा, आणि मंगळवारी खरंच जा. बोललं म्हणून चॉकलेट नाही, नाही बोललं म्हणून तोंड पाडणं नाही. मूल रडलं तर थोडं थांबा, पाणी द्या, "रडू नकोस" म्हणू नका. चित्र काढायला दिलंत तर चालेल, पण काळा रंग वापरला म्हणून अर्थ लावत बसू नका.

एखादं मूल याच ओघात लैंगिक अत्याचाराबद्दल बोलून जातं. नशेच्या घरांत अनोळखी माणसांची ये-जा असते, त्यामुळे याची तयारी ठेवूनच बसा. तिथे खोलात शिरू नका. आत्ता ते सुरक्षित आहे का एवढं समजलं की पुरे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. जबाब पुढे पोलीस घेतील: मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय, आणि मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत. हे नियम पाळले जातायत ना, हे बघायला तुम्ही तिथे असा.

शेवट नशेवर करू नका. उद्या काय आहे, कबड्डीत कोणता खेळाडू आवडतो, यावर दोन मिनिटं बोला. त्याला काही विचारायचंय का ते विचारा. बहुतेक मुलं एकच विचारतात: "पप्पांना पोलीस नेतील का?" याचं 'नाही' हे उत्तर देऊ नका आणि 'हो'ही नको. "ते मी ठरवत नाही. मला माहीत नाही. तुला काय होणार आहे ते मात्र जेवढं कळेल तेवढं मी येऊन सांगेन."

लिहिणं

त्याच दिवशी लिहा, रात्री उशीर झाला तरी. तुमचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर, दोन्ही जसंच्या तसं. 'मुलाने वडील अमली पदार्थ विकत असल्याचे सांगितले' असं लिहिलंत तर मुलाचं बोलणं वाया गेलं. 'पप्पा देतात त्यांना. छोट्या पिशवीत असतं' असं लिहा. दिसलेलं एका रकान्यात, ऐकलेलं दुसऱ्या, आणि तुमचं मत सगळ्यात खाली, मत म्हणूनच. 'आई दारुड्या अवस्थेत' याऐवजी 'आईचे बोलणे अडखळत होते, भिंतीला धरून उभ्या राहिल्या' असं लिहा. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही बाहेर जाता कामा नये, कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढे कुठे

मूल घरात ठेवणं धोक्याचं असेल तर त्याला बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, चोवीस तासांच्या आत हजर करायचं, प्रवासाचा वेळ सोडून. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोरही हजर करता येतं. व्यसनात किंवा त्याच्या व्यापारात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल हे बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येतच 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे, त्यामुळे आधी आईबापावर गुन्हा सिद्ध होण्याची वाट बघायची गरज नाही.

पण सगळ्यात आधी बालगृहाचा विचार करू नका. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असल्याचं हाच कायदा सांगतो. आजी, मामा, आत्या, नात्यातलं शुद्धीवर असलेलं एक घर शोधा. मुलाने सांगितलेल्या कालच्या दिवसात ते घर बहुतेक वेळा आलेलंच असतं: 'मग मी आजीकडे गेलो जेवायला.' त्या आजीला पैशांची अडचण असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायला तिला बरोबर घेऊन जा. तिला एकटीला पाठवलंत तर ती कागदांच्या यादीला घाबरून परत येईल.

आईबापाशीही बोलायचं असतं, मुलाने काय सांगितलं ते न उघडता. "तुमचा मुलगा म्हणाला" हे शब्द कधीच नाहीत. त्याची शिक्षा त्याला रात्री मिळते. तुम्ही शाळेचं, वजनाचं, हजेरीचं बोला, जे तुम्ही स्वतः बघितलंत. व्यसन सोडायची तयारी दिसली तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभागही आहे. ही माहिती आईच्या बाबतीत फार महत्त्वाची, कारण 'बाईमाणूस कुठे जाणार उपचाराला' म्हणून घरच्यांनी हात झटकलेले असतात. अटकेच्या भीतीने उपचार टाळणाऱ्याला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ समजावून सांगा: केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावरच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. विकणाऱ्याला ही वाट नाही, तसं आश्वासन चुकूनही देऊ नका.

समितीच्या पुढच्या तारखेआधी मुलाला एकदा भेटा. तिथे कोण कोण बसलेलं असेल, काय विचारतील, त्याला कुठे बसवतील, परत येताना बरोबर कोण असेल, हे सगळं आधी सांगा. धाकट्या भावंडाचं काय ठरतंय हेही सांगा. मोठ्या मुलीला स्वतःपेक्षा त्याचीच काळजी जास्त असते, आणि ते कळेपर्यंत तिला बाकीचं काही ऐकू येत नाही.